नाव न ठेवलेल्या लेकरांची नागव्वा

फोन आला तेव्हा मी सोलापुरात धाकट्या लेकीकडं होते. जेवणं आटोपली होती आणि पंख्याखाली माझा डोळा लागत होता. पलीकडून माझा मुलगा बसू होता. म्हणाला, "आई, आत्या गेल्या." मी विचारलं, कशा? तर म्हणाला, "बसल्या होत्या दारात. बसल्या बसल्याच..." लेकीनं पिशवी भरून दिली. एसटीत खिडकीपाशी बसले. नळदुर्गच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी ज्वारी पोटरीला आली होती, वाऱ्यानं सगळं रान एका अंगाला कलायचं आणि पुन्हा उभं राहायचं. त्याच्याकडं बघता बघता मला वाटायला लागलं, मी म्हातारी नाहीच. माझ्या मांडीवर दोन दिवसांचं पोर आहे, आणि शेजारी नागव्वा वन्सं बसल्यात, हात त्याच्या पोटावर हलका ठेवून.

नागव्वा माझ्या थोरल्या नणंद. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा निजामाचं राज्य होतं. गाव नळदुर्गपासून दोन कोसांवर, घर लिंगायताचं, अर्धं बोलणं मराठीत आणि अर्धं कानडीत. वन्सं तेव्हा माहेरीच असायच्या. त्यांना दोन मुलगे झाले होते आणि दोन्ही नाव ठेवायच्या आतच गेले. मग नवऱ्यानं दुसरी बायको केली, आणि वन्सं एका दिवाळीला माहेरी आल्या त्या परत गेल्याच नाहीत. कुणी त्यांना वाईट बोलायचं नाही, पण कुणाच्या बारशाला बोलवायचंही नाही. गावात पाळणा बांधला की त्या आपण होऊन रानात जायच्या, आणि तिन्हीसांजेला ओटीत काहीतरी भाजी खुडून परत यायच्या. मठातल्या अय्यांनी लहानपणी त्यांना कानडी अक्षरं शिकवली होती. आमच्या घरात तेवढ्या एका बाईला लिहिता-वाचता यायचं.

माझं पहिलं बाळंतपण सासरीच झालं, मला आई नव्हती म्हणून. मुलगा झाला. गोरापान, भरलेला. पहिला दिवस तो चांगला रडला, चांगला प्याला. दुसऱ्या दिवशी पिईना. पोट हळूहळू तट्ट होत गेलं, वर हिरव्या शिरा दिसायला लागल्या. तोंडातून हिरवंगार पाणी यायचं. सुईणीनं पोटाला बिब्बा लावला, कुणी हिंगाचं पाणी दिलं, कुणी दृष्ट काढली. नवव्या दिवशी सकाळी तो गेला. मी तेव्हा एकोणीस वर्षांची असेन. मला फार काही आठवत नाही, एवढंच आठवतं की वन्संनी त्याला न्हाऊ घातलं, आणि न्हाऊ घालताना त्याचे लंगोट एकेक करून उलटून पाहिले. मला वाटलं, दुःखानं त्यांना भ्रम झाला असावा. त्या माझ्याजवळ येऊन बसल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "शांते, ह्यानं काळी शी केलीच न्हाय गं. एकदा बी न्हाय. माझ्या दोघांनी बी केली नव्हती."

जन्मल्यावर मूल पहिली शी करतं ती काळी, डांबरासारखी चिकट असते. ती दिवस-दीड दिवसात व्हायला हवी. हे आज आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तेव्हा कुणी मनावर घेत नव्हतं.

सासूबाई वाईट नव्हत्या, पण मुलाच्या काळजीनं त्या कडू झाल्या होत्या. माझ्या देखत बोलायला लागल्या की हिच्या माहेरचंच काहीतरी असणार, हिच्या पायगुणानं झालं. त्यांच्या बहिणीच्या नणंदेची एक मुलगी होती लग्नाची. तिचं नाव जेवताना निघायला लागलं. आमचे हे खाली मान घालून जेवायचे. मी चुलीपुढं बसून भाकरी थापायची, आणि मला वाटायचं, आपणही वन्संसारखं एक दिवस कुठल्यातरी दिवाळीला निघून जाणार.

त्याच सुगीनंतर हेळवी आला. आमच्याकडच्या लोकांना तो माहीत असेल. चार-पाच वर्षांनी एकदा बैलावर बसून येतो, घराण्यात कोण कुणाच्या पोटी जन्मलं ते त्याच्या वहीत लिहिलेलं असतं, ते तो ओसरीवर बसून कानडीत वाचून दाखवतो आणि नवी नावं लिहून घेतो. दुपारभर त्याचा आवाज चालला होता. पणजे, खापरपणजे, त्यांची मुलं, त्यांची मुलं... नुसती नावं, पण ऐकता ऐकता गुंगी यायची, जणू आंब्याच्या झाडाखाली कुणी पानं मोजत बसलंय. वाचून झालं तेव्हा वन्सं दाराआडून म्हणाल्या, "ह्यात गेलेली लेकरं कुठं हाईत?"

"कोणती?"

"नाव ठेवायच्या आधी गेलेली."

हेळवी हसला नाही. म्हणाला, "अव्वा, नावच न्हाय तर लिहू काय? आन् लेकी दुसऱ्या घरी गेल्या की त्यांचं आमी लिहीत न्हाय. त्यांचा हेळवी येगळा."

त्या दिवसापासून वन्संना झोपेतही ते दिसायला लागलं असावं. मला म्हणाल्या, "शांते, जे त्याच्या वहीत न्हाय तेच मला पायजे."

मग त्या फिरायला लागल्या. आमच्या घराण्यातून बाहेर गेलेल्या लेकी, त्यांच्या लेकी, चुलत्यांच्या सुना. अणदूर, जळकोट, आलूर, जिथं कुणी दिलेली असेल तिथं. कधी बाजाराच्या गाडीतून, कधी पायी. मी दोनतीनदा त्यांच्याबरोबर गेले. त्या कुणाच्याही घरी गेल्या की आधी काहीतरी काम धरायच्या, शेंगा फोडायला बसायच्या नाहीतर वाती वळायला. मग इकडचं तिकडचं बोलत हळूच विचारायच्या, तुझं लहानपणी एखादं गेलं का गं? बाई आधी दचकायची. असलं कुणी विचारत नसतं. वन्सं मान खाली घालून शेंगा फोडत राहायच्या. थोड्या वेळानं ती बाई बोलायला लागायची, आणि एकदा लागली की थांबायची नाही. आलूरची एक म्हातारी, यांची चुलत आत्या, तीस वर्षांमागच्या मुलाबद्दल बोलली. त्याच्या कानाची पाळी कशी होती, जावळ कसं होतं, सगळं. शेवटी म्हणाली, "इतक्या वर्सांत कुणी इचारलंच न्हाय मला." आणि तिनं पदर तोंडाला लावला. अंगणात उन्हाची तिरीप सरकत सरकत तिच्या पायांवर आली, तरी आम्ही तिघी तशाच.

त्यांचे प्रश्न तीनच असायचे. काळी शी कितव्या दिवशी झाली? पोट फुगलं का? उलटी कसल्या रंगाची होती? जे मूल ताप येऊन गेलं, जे धनुर्वातानं वाकडं होऊन गेलं, जे अशक्तच जन्मलं, त्याच्यासाठीही वन्सं डोळे पुसायच्या, पण लिहायच्या नाहीत. "ते दुसरं दुखणं," म्हणायच्या. "सगळी मरणं एका पोत्यात घालून चालायचं न्हाय. मग काहीच कळत न्हाय." मला त्या वेळी हे फार कठोर वाटायचं. पुढं मीही लिहायला-वाचायला शिकले, शाळेत शिक्षिका झाले, चार पुस्तकं वाचली, तेव्हा समजलं की शिकलेले लोकही पहिल्यांदा हेच करतात, कुठलं दुखणं धरायचं आणि कुठलं नाही ते ठरवतात.

येरमाळ्याच्या चैत्रातल्या जत्रेला आम्ही गेलो ते मला अजून स्वप्नासारखं दिसतं. येडाईची पालखी चुन्याच्या रानात येते आणि माणसं वाकून चुनखडीचे खडे वेचतात. पांढरं रान, पांढरं ऊन, हजारो माणसं वाकलेली. त्या गर्दीत वन्सं आमच्या घराण्याच्या लेकी शोधत होत्या. लांबच्या गावी दिलेल्या तिघी-चौघी तिथं भेटल्या. लिंबाखाली बसून त्या बोलत होत्या आणि मी आडवी झाले होते, डोळ्यांवर पदर घेऊन. अर्धवट झोपेत ऐकू येत होतं... दुसऱ्या दिवशी न्हाय झाली... तिसऱ्या दिवशी पोट... मुलगाच व्हता... मला वाटलं, ती सगळी मुलं तिथंच आहेत, त्या पांढऱ्या रानात वाकून खडे वेचतायत आणि कुणी हाक मारेल म्हणून मधूनच मान वर करतायत.

घरी आल्यावर चारसहा दिवसांनी, सगळे ओसरीवर असताना, वन्संनी मठातून आणलेल्या जुन्या पंचांगाच्या कोऱ्या बाजूला जे लिहिलं होतं ते आपल्या आईसमोर ठेवलं. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून तोंडी सांगितलं. "अव्वा, हे शांताच्या माहेरचं न्हाय. हे आपलं हाय. आपल्या घरातनं ज्या लेकी भायेर गेल्या त्यांच्यात हाय, सुनांत हाय, आन् बहुतेक मुलग्यांत हाय. माझ्या नवऱ्याच्या दुसरीची पोरं चांगली हाईत. माझी गेली. ते माझ्याकडनंच गेलं असंल."

सासूबाईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "सोताच्या घराला डाग लावतीस व्हय गं?"

"डाग न्हाय लावत. पोर वाचंल का ते बघतीया."

त्यानंतर दुसऱ्या बायकोची गोष्ट आमच्या घरात निघाली नाही. सासूबाई दोन महिने वन्संशी बोलल्या नाहीत. वन्संनीही कधी तो विषय काढला नाही, पण मी एकदा त्यांना गोठ्यात एकट्याच उभ्या असताना पाहिलं, गाईच्या पाठीवर कपाळ टेकून. मला मोकळं करणारं जे वाक्य त्या बोलल्या होत्या, त्याच वाक्यानं त्यांनी स्वतःला बांधून घेतलं होतं. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "गाईला गोचीड झालीया. बघत व्हते."

निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनच्या तीनचार वर्षं आधीची गोष्ट असेल, मला दुसऱ्यांदा दिवस राहिले. दिवस भरल्यावर एका सकाळी उन्हं अंगणात आली आणि बसू जन्मला. वन्सं पाळण्याजवळून हलल्या नाहीत. दिवस गेला, शी नाही. दुसरा दिवस उजाडला, शी नाही. दुपारी त्यांनी पोटावर हात ठेवला, आणि मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं, आणि मला कळलं.

"दादा, गाडी जुपा," त्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या. "नळदुर्गला मोटार मिळंल. सोलापूरला जायचं."

सासूबाई मध्ये पडल्या. दोन दिवसांची बाळंतीण, दोन दिवसांचं पोर, धक्क्यानंच जाईल. त्या खोटं बोलत नव्हत्या. हे दारात उभे होते. आयुष्यात त्यांनी आईचा शब्द मोडला नव्हता. क्षणभर त्यांनी आईकडं पाहिलं, बहिणीकडं पाहिलं, मग गोठ्याकडं वळले, आणि बैलांच्या घुंगरांचा आवाज आला.

हद्दीवर करोडगिरीचा नाका होता, निजामाच्या मुलखातून बाहेर जाणाऱ्या मालाची तपासणी तिथं व्हायची. मोटार थांबली. नाक्यावरच्या शिपायानं वन्संच्या मांडीवरच्या गाठोड्याकडं बोट केलं. "इसमें क्या है?" वन्संनी कापड बाजूला केलं. त्यानं ते फुगलेलं पोट पाहिलं, त्याचा हात आपोआप मागं गेला. "जाव अम्मा," तो म्हणाला, "जल्दी जाव." आणि त्यानंच ड्रायव्हरला हाक घातली.

सोलापूरच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या, मराठी बोलणाऱ्या, चाळिशीच्या. बाळाला बघत बघत त्यांनी सवयीनं विचारलं, काय होतंय? वन्संनी सुरुवात केली. आधी बसूचं सांगितलं, मग माझ्या पहिल्याचं, मग आपल्या दोघांचं, मग आलूरचं, जळकोटचं, येरमाळ्याला भेटलेल्या बायकांचं. काळी शी, पोट, उलटी. ताप नव्हता. मुलगा. मुलगा. एक मुलगी. पुन्हा मुलगा. डॉक्टरीणबाईंचे हात थांबले. त्यांनी वन्संना बसायला सांगितलं, हे मुद्दाम सांगते, कारण त्या काळी आमच्यासारख्यांना दवाखान्यात कुणी खुर्ची देत नसे. मग बाईंनी करंगळीला तेल लावून बाळाला खालून तपासलं, आणि बोट काढताच दोन दिवस कोंडलेलं सगळं, वारा आणि काळी शी, एकदम बाहेर आलं. बाईंच्या पांढऱ्या साडीवर उडालं. खोलीभर वास झाला. बसूचं पोट बसलं आणि तो रडायला लागला. वन्सं उठल्या, आपल्या पदरानं बाईंची साडी पुसायला लागल्या, पुसता पुसता हसायला लागल्या, आणि हसता हसता खालीच बसल्या.

बाईंनी आम्हाला समजेल असं सांगितलं. आतड्याचा शेवटचा तुकडा कधीकधी जन्मापासून झोपलेला असतो. वरून येईल ते पुढं ढकलायचं त्याला कळत नाही. पुस्तकात याचं नाव आहे, पण खात्रीचं ऑपरेशन अजून हाती नाही. बसूचा तुकडा लहान असावा, म्हणून नळीनं पोट धूत राहिलं तर तो जगेल. मग त्या म्हणाल्या, "एका घरात दोघा-तिघांना होतं एवढं मी वाचलं होतं. तुम्ही मला अख्खं शिवार दाखवलंत." वन्संनी फक्त एकच विचारलं. हे माझ्याकडनं गेलं का? बाई म्हणाल्या, "आजोबांची उंची येते, नाकाची ठेवण येते. तसं हेही येतं. आणणाऱ्याचा त्यात काही अपराध नसतो." वन्सं त्या वाक्याकडं बघत बसल्यासारख्या भिंतीकडं बघत बसल्या.

आम्ही तिथं महिनाभर राहिलो. रबरी नळी कशी घालायची, कोमट पाणी किती, त्यात मीठ किती, हे बाईंनी मला शिकवलं आणि वन्सं शिकल्या. माझ्यानं ते व्हायचं नाही. नुसतं पाणी घालायचं नाही, मिठाचंच, हे बाईंनी बजावलं होतं. वन्सं मीठ चमच्यानं सपाट करून घ्यायच्या आणि पाण्याचा थेंब जिभेवर ठेवून बघायच्या. "आसवांसारखं लागलं पायजे," म्हणायच्या. रोज सकाळी, कितीतरी वर्षं.

सगळी वाचली असं नाही. वन्संचा निरोप ज्या ज्या घरी गेला तिथून बायका विचारायला यायला लागल्या. त्यातली काही पोरं सोलापूरला पोचली आणि जगली. आलूरच्या म्हातारीच्या नातसुनेला मुलगी झाली, मुलीला हे होत नाही असं घरातले धरून चालले, आणि आणलं तेव्हा उशीर झाला होता. वन्सं मला म्हणाल्या, "म्याच चुकले. बहुतेक मुलगे म्हणत गेले, लोकांनी 'बहुतेक' गाळलं." तेव्हापासून त्या कुणाशी बोलताना तो शब्द पुन्हा पुन्हा उच्चारायच्या.

पोलीस ॲक्शनच्या, गडबडीच्या वर्षी हद्दीवरची ये-जा थांबली आणि नळी जुनी होऊन चिरली. शेजारचे पिंजारी मैनुद्दीनभाई कापसाच्या गाडीत वन्संना बसवून आडवाटेनं घेऊन गेले. वाटेत जास्त कोण भ्यालं, ते की वन्सं, हे दोघांनीही कधी सांगितलं नाही. नळी आली एवढं मला माहीत. पुढं बसू बारा वर्षांचा झाल्यावर मोठ्या शहरात त्याचं ऑपरेशन झालं, नीट झालं. आज तो पन्नाशीला आला, शेती बघतो, त्याच्या मुली शिकून नोकरीला लागल्या.

हेळवी पुन्हा आला होता, बसू धावायला लागल्यावर. ओसरीवर बसून त्यानं बसूचं नाव लिहिलं. वन्सं या वेळी दाराआडून बोलल्या नाहीत, समोर येऊन बसल्या. म्हणाल्या, "ह्याच्या आधीचा बी लिवा." तो म्हणाला, नाव? "नाव नव्हतं. एक मुलगा, एवढंच लिवा." हेळव्यानं सासूबाईंकडं पाहिलं. सासूबाई सुपात डाळ पाखडत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "लिवा. आन् हिचे दोघं बी लिवा." हेळवी म्हणाला, लेकीची पोरं ह्या वहीत येत नाहीत. सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. "ती हितंच राहिली, तिची बी हितलीच." त्यानं दौत पुढं ओढली.

मी पोचले तेव्हा वन्संना रानात बसवून माती देऊन झाली होती. आमच्यात माणसाला निजवत नाहीत, बसवतात. गेले पाच आठवडे मी गावीच आहे. त्यांच्या खोलीतलं मी काही हलवलेलं नाही.

एक सांगायचं राहिलं. बसूचं ऑपरेशन झालं, तो बरा झाला, त्याला मुली झाल्या, केस पिकले, तरी वन्सं सकाळी त्याच्या आधी चहा घ्यायच्या नाहीत. मागच्या दारात बसून राहायच्या. तो परसाकडनं परत यायचा, हातपाय धुवायचा आणि नुसती मान हलवायचा. मग त्या कपाला हात लावायच्या. त्याची बायको नवी असताना हसायची, नंतर तीही त्यांचा चहा तोपर्यंत झाकून ठेवायला लागली. पन्नास वर्षांच्या माणसानं रोज सकाळी हा हिशेब द्यायचा म्हणजे कुणीही चिडलं असतं. बसू एकदाही चिडला नाही.

काल सकाळी मी मागच्या अंगणात होते. तो आला, हौदावर हातपाय धुतले, पंच्यानं तोंड पुसत दारापर्यंत आला आणि थबकला. मला वाटलं, आत जाईल. तो उंबऱ्याशी उभा राहिला, रिकाम्या जागेकडं बघत, आणि रोजच्याच आवाजात म्हणाला, "झालं आत्या. च्या घ्या आता."